बंद पडल्याचे सांगणारे घड्याळ



या सदरात आपण घरातल्या एकेका जुन्या वस्तूची गोष्ट करतो. मागे शिवणयंत्र झाले, कंदील झाला. या वेळी गजराचे घड्याळ घेतले आहे, आणि तेही विजेवर चालणारे. या वस्तूशी आमचे जुने भांडण आहे. ते आधी सांगितले तर पुढचे समजायला सोपे जाईल.

1984 सालचा रमजान जून महिन्यात आला होता. कोकणात पावसाला सुरुवात होण्याचे ते दिवस. आमचे घर वाडीच्या अगदी टोकाला, खाडीच्या बाजूला. मशिदीच्या कर्ण्याचा आवाज वारा असेल तसा यायचा. कधी स्वच्छ, कधी नुसती कुजबुज. म्हणून सहरीला उठण्याची सगळी भिस्त दादींच्या चावीच्या घड्याळावर असे. रोज रात्री तरावीह झाली की दादी ते कपाटावरून काढत, दोन्ही चाव्या पिळत, कानाला लावून टिकटिक ऐकत आणि उशाशी ठेवत. इतक्या वर्षांत त्यांनी हे काम दुसऱ्या कोणाच्या हाती दिले नव्हते.

त्या वर्षी मामू दम्मामहून रजेवर आले. त्यांनी अम्मीसाठी एक घड्याळ आणले होते. पांढरे, चौकोनी. काटे नाहीत, त्याऐवजी आकडे छापलेल्या बारीक पट्ट्या. दर मिनिटाला एक पट्टी टप्प करून खाली पडायची. चावी नाही, सेल नाही. पिन भिंतीत लावायची आणि विसरून जायचे. घड्याळ 110 व्होल्टचे होते म्हणून सोबत एक ट्रान्सफॉर्मर आणला होता, तो घड्याळापेक्षा जड. आम्ही मुले त्या पट्ट्या पडताना बघत तासन् तास बसत होतो.

"अम्मा, आता त्या म्हाताऱ्या घड्याळाला आराम द्या," मामू दादींना म्हणाले. दादी हसल्या. पाहुण्याचे मन मोडू नये म्हणून त्या रात्री त्यांनी चावी दिली नाही.

रात्री साडेदहाला मामूंनी हातातल्या घड्याळाशी वेळ जुळवली आणि गजर साडेतीनचा लावला. गजर झाला, पट्टीवर बरोबर 3:30 होते. अम्मी चूल पेटवायला उठल्या. तेवढ्यात वाऱ्याबरोबर मशिदीतली सूचना आली, की सहरी संपायला आता थोडीच मिनिटे उरली आहेत. अब्बांनी मनगटावर पाहिले, साडेचार वाजले होते! रात्रीची भाकरी, दूध, खजूर, घाईघाईत दोन पेले पाणी, आणि नियत. पाच तासांची झोप घड्याळाने सहा तासांची केली होती.

सकाळी नऊला वेळ पुन्हा जुळवली. दुपारी बारा वाजता घड्याळात साडेअकरा. दर तासाला बरोबर दहा मिनिटे मागे. ना नऊ, ना अकरा.

बाजारात रेडिओ दुरुस्त करणारे एक चाचा होते. त्यांनी घड्याळ न उघडताच, मागची पट्टी वाचून सांगितले, "घड्याळात काही दोष नाही. हे साठच्या विजेचं आहे, आपली वीज पन्नासची. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हा आकडा बदलत नाही." मामूंनी मग कागदावर हिशेब केला. साडेदहा ते साडेतीन पाच तास. त्यात हे घड्याळ चार तास दहा मिनिटेच चालणार. म्हणजे गजर 2:40 चा लावायचा. लावला. तीन रात्री सगळे सुरळीत झाले आणि मामूंचा चेहरा खुलला.

चौथी रात्र आमच्या धाकट्या भावाच्या पहिल्या रोजाची होती. नऊ वर्षांचा होता. नवे कपडे उशाशी घेऊन झोपला होता. रात्री वादळ झाले. तीनच्या सुमारास वीज गेली आणि पावणेपाचला जरा कमी असताना आली. मधल्या वेळात मशिदीचा कर्णाही मुका होता आणि कौलांवर पावसाचा आवाज इतका, की शेजारचे हाक मारून थकले असतील. आम्ही जागे झालो ते अजानीने. भाऊ ओक्साबोक्शी रडला. दादींनी त्याला जवळ घेतले, न्याहारी दिली आणि समजावले, की बेटा, तू लहान आहेस, उद्या ठेव, अल्लाह नियत बघतो. मोठ्यांनी तसाच रोजा ठेवला. आणि अजान होऊन वीसेक मिनिटांनी ते घड्याळ मोठ्या तत्परतेने वाजू लागले. पट्टीवर 2:40 होते.

मामू खाली मान घालून बसले होते. दादी त्यांना म्हणाल्या, "बेटा, ते बंद पडलं याचा मला राग नाही. माझंही कधी बंद पडतं. पण बंद पडलं तर ते बंद दिसतं. हे मधे झोपलं, परत उठलं, आणि काही झालंच नाही असं तोंड करून चालत राहिलं. त्याचा राग आहे."

पुढे पुष्कळ वर्षांनी विजेच्या घड्याळांचा इतिहास वाचताना आम्हाला नवल वाटले. दादींची ही तक्रार अमेरिकेतल्या घड्याळे बनवणाऱ्यांनी पन्नास वर्षांहून अधिक आधीच विचारात घेतली होती. तिच्यावर दोघांनी दोन वेगळी उत्तरे काढली होती, आणि दोन्ही उत्तरे शिकण्यासारखी आहेत.

घंटी विजेची, घड्याळ चावीचे

विजेवर चालणाऱ्या घड्याळाची कल्पना तशी जुनी. अलेक्झांडर बेन नावाच्या स्कॉटलंडच्या घड्याळजीने 1841 मध्येच त्याचे पेटंट घेतले होते. पण घराघरांत वीज नव्हती. त्यामुळे सुरुवातीच्या काळात गजराच्या घड्याळातला विजेचा भाग म्हणजे केवळ घंटी. घड्याळ चावीवरच चाले. ठरलेल्या वेळी काट्याबरोबर फिरणारा धातूचा तुकडा दुसऱ्या तुकड्याला टेकायचा आणि विजेचा मार्ग जुळायचा. वीज येई बॅटरीतून. 1866 मध्ये फ्रान्सच्या जॉर्ज लक्लांशे यांनी जस्त, कोळसा, मँगनीजची पूड आणि नवसागराचे पाणी यांची बॅटरी काढली होती. ती थोडा थोडा वेळ वीज देण्यात चांगली, म्हणून घंटीच्या कामाला अगदी योग्य.

घंटीची रचना साधी. लोखंडाच्या गाभ्यावर तार गुंडाळलेली. वीज आली की त्याचे चुंबक होते आणि ते समोरची लोखंडी पट्टी ओढून घेते. पट्टीला लावलेला टोला वाटीवर आपटतो. पण पट्टी ओढली गेली की त्याच हालचालीने विजेचा मार्ग तुटतो. चुंबक संपले, स्प्रिंगने पट्टी मागे आली, मार्ग पुन्हा जुळला, पुन्हा टोला. हे सेकंदाला कितीतरी वेळा. दाराची जुनी ट्रिंग-ट्रिंग घंटी हीच. चावीच्या गजराची घंटी चावी उतरली की गप्प बसते. ही मात्र कोणीतरी उठून बटण बंद करेपर्यंत गप्प बसत नाही. गाढ झोपणाऱ्यांसाठी ही सोय मोठीच होती.

यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. वीज फक्त आवाज करत होती, वेळ सांगत नव्हती. वेळ चावीच्या घड्याळाकडेच होती. बॅटरी संपली तर घंटी वाजणार नाही, पण काटे खोटे बोलणार नाहीत.

वीज स्वतःच वेळ कशी सांगू लागली

हे बदलले ते हेन्री वॉरन यांच्यामुळे. त्यांचा जन्म 1872 मध्ये बॉस्टनचा. शिक्षणाने इंजिनियर. 1912 मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ॲशलँड गावी घड्याळांची कंपनी सुरू केली. सुरुवातीला ती बॅटरीवरची लंबकाची घड्याळे करत असे. बॅटरीची शक्ती हळूहळू उतरते आणि त्याबरोबर वेळेचाही नेमकेपणा ढळतो. म्हणून वॉरन यांचे लक्ष भिंतीतल्या विजेकडे गेले.

आपल्या घरात येणारी वीज नळाच्या पाण्यासारखी एका दिशेने वाहत नाही. ती झोपाळ्यासारखी पुढे-मागे जाते. एक पूर्ण झोका म्हणजे एक सायकल. आपल्याकडे सेकंदाला असे 50 झोके, अमेरिकेत 60. दम्मामकडच्या भागात तेलाचे काम अमेरिकन कंपनीने उभे केले, तिथेही 60. चाचांनी सांगितलेला पन्नास-साठचा आकडा तो हाच. साठ झोके मोजून एक सेकंद पुढे जाणाऱ्या घड्याळाला पन्नासच झोके मिळाले, तर साठ मिनिटांत ते पन्नास मिनिटेच चालणार. घड्याळात दोष नव्हता. ते प्रामाणिकपणे मोजत होते, पण मोजायला दिलेले माप वेगळे होते.

विजेच्या झोक्यांशी पाऊल मिळवून फिरणारी छोटी मोटर वॉरन यांनी तयार केली. लोखंडी पत्र्यांच्या चळतीवर तारेचे वेटोळे आणि त्यातून वीज, म्हणजे चुंबकाची दिशाही झोक्यांबरोबर बदलत राहणार. अशा चुंबकाने मधले चाक नुसते थरथरते, फिरत नाही, कारण उजवीकडे जायचे की डावीकडे हे त्याला कळत नाही. यावर उपाय म्हणून चुंबकाच्या प्रत्येक टोकाच्या एका भागावर तांब्याचे कडे बसवले. त्या कड्यामुळे तेवढ्या भागातले चुंबकत्व किंचित उशिरा वाढते आणि उशिरा ओसरते. एका बाजूला आधी, शेजारी जरा नंतर. अशी ही ओढ एका दिशेने सरकत जाते आणि पोलादी चकत्यांचे चाक तिच्यामागे फिरू लागते. वेग वाढत वाढत चाक झोक्यांशी जुळले की मग तिथेच पक्के बसते. साठ झोक्यांच्या विजेवर मिनिटाला 3600 फेरे. कमी नाही, जास्त नाही.

एवढ्या वेगाने फिरणारे चाक वर्षानुवर्षे टिकायचे तर त्याला सतत तेल हवे. म्हणून चाक आणि वेग कमी करणारी बारीक दातेरी चाके धातूच्या एका डबीत तेलासह कायमची बंद केलेली असत. डबीच्या आत मिनिटाला हजारो फेरे. बाहेर येणाऱ्या दांड्याला मिनिटाला तीन-चार, काही नमुन्यांत तर एकच. पुढे तास-मिनिटांचे काटे नेहमीच्याच चाकांनी. या घड्याळात लंबक नाही, केसासारखी स्प्रिंग नाही, टिकटिकही नाही. कान लावला तर हलकीशी घरघर तेवढी.

या घड्याळांना नाव मिळाले टेलिक्रॉन. ग्रीक भाषेतल्या दोन शब्दांवरून केलेले. अर्थ, दुरून येणारी वेळ. नाव अगदी बरोबर आहे. या घड्याळाजवळ स्वतःची वेळ नसतेच. ती वीजघरातून तारेवरून येते.

एका तबकडीवर दोन काटे

मग प्रश्न आला, की वीजघराची वेळ तरी बरोबर कशावरून? त्या काळी ती बरोबर नसे. जनित्र जरा हळू फिरले तर झोके कमी, जरा जोरात फिरले तर जास्त. दिवे लावायला तेवढ्याने बिघडत नव्हते, म्हणून कोणी फार लक्ष देत नसे. पण अशा विजेवर घड्याळ लावले तर दिवसाकाठी काही मिनिटांचा फरक पडे.

वॉरन यांनी वीजघरासाठीच एक घड्याळ बनवले. एका तबकडीवर एकाच मापाचे दोन काटे. काळा काटा उत्तम लंबकाच्या घड्याळावर चालणारा, सोनेरी काटा त्या वीजघराच्याच विजेवर फिरणाऱ्या मोटरीचा. वीजघरातल्या माणसाचे काम एवढेच, की दोन्ही काटे एकमेकांवर राहतील असे बघायचे. सोनेरी काटा मागे पडला तर जनित्राचा वेग थोडा वाढवायचा, पुढे गेला तर थोडा कमी करायचा. दिवसभरात कमी-जास्त झाले तरी दिवसाअखेर हिशेब पुरा.

23 ऑक्टोबर 1916 रोजी बॉस्टनच्या एडिसन कंपनीच्या एल स्ट्रीट वीजघरात असे घड्याळ बसले. त्या दिवसापासून त्या विजेवरचे प्रत्येक घड्याळ, मग ते कोणाच्याही स्वयंपाकघरात असो, त्या दोन काट्यांशी बांधले गेले. पुढच्याच वर्षी जनरल इलेक्ट्रिक कंपनीने वॉरन यांच्या कंपनीत हिस्सा घेतला. अनेक वीजघरांत ही घड्याळे लागली, आणि झोके नेमके राहू लागल्याने वेगवेगळी वीजघरे एकमेकांना जोडणेही सोपे झाले.

हे वाचताना आम्हाला मुवक्कित आठवले. जुन्या काळी दमास्कस, कैरो अशा शहरांतल्या मोठ्या मशिदींत नमाजच्या वेळा ठरवण्यासाठी एक जाणकार नेमलेला असे, त्याला मुवक्कित म्हणत. दमास्कसच्या उमय्या मशिदीचे मुवक्कित इब्न अश-शातिर हे मोठे खगोलशास्त्रज्ञ. 1371 मध्ये त्यांनी तिथल्या मिनारासाठी भव्य छायायंत्र केले. शहरातल्या प्रत्येकाला सूर्य मोजता येत नाही. एक माणूस सगळ्यांच्या वतीने मोजतो आणि बाकीचे त्याच्यावर विश्वास टाकून उठतात, रोजा सोडतात. वीजघरात दोन काट्यांवर नजर ठेवून बसलेल्या माणसाची जबाबदारी याच जातीची. वेळ ही त्याच्याकडे सोपवलेली अमानत होती.

गजराची गुणगुण

1930 च्या सुमारास या मोटरीवरची गजराची घड्याळे बाजारात चांगली रुळली होती. त्यातला गजर बनवणाऱ्यांनी फार काटकसरीने साधला होता. वाटी नाही, टोला नाही, वेगळी घंटीही नाही.

मोटरीच्या वेटोळ्याभोवती चुंबकाची ओढ तर असतेच आणि ती सेकंदाला 120 वेळा वाढते-ओसरते. एका झोक्यात दोनदा. त्या लोखंडाजवळ पोलादाची एक लवचिक पट्टी ठेवायची. पट्टी मोकळी सोडली की ती त्या ओढीने थरथरते आणि भुंग्यासारखा आवाज होतो. गजर नको असेल तेव्हा ती दाबून धरायची, एवढेच. जी वीज काटे फिरवते, तीच जागेही करते.

पट्टी नेमक्या वेळी मोकळी कशी होते? त्यासाठी बारा तासांत एक फेरा घेणारे एक चाक असते आणि त्याला लागून, गजराचा काटा फिरवून आपण जिथे ठेवू तिथे राहणारे दुसरे चाक. एकावर उंचवटा, दुसऱ्यात खाच. उंचवटा खाचेसमोर आला की स्प्रिंगच्या जोराने चाक आत सरकते, आणि तेवढ्या सरकण्याने पट्टीवरचा दाब निघतो. चाक बारा तासांचे असल्यामुळे घड्याळाला पहाट आणि संध्याकाळ यांतला फरक कळत नाही. पहाटे चारला लावलेला गजर बंद न करता तसाच सोडला तर दुपारी चारलाही वाजणार.

गजर बंद करून पुन्हा डोळा लागतो, हा अनुभव सगळ्यांचा. थोड्या वेळाने पुन्हा वाजणारा गजर याच टेलिक्रॉनच्या घराण्यातून 1956 मध्ये आला. फजरच्या वेळी शैतानाने कानात सांगितलेले 'अजून पाच मिनिटे' यंत्रातही बसवले गेले, असे आमची एक खाला म्हणत असे!

लाल ठिपका

आता दादींची तक्रार.

वॉरन यांची मोटर आपोआप सुरू होणारी. वीज गेली की थांबते, वीज आली की चालू. सोय वाटते, पण धोका इथेच आहे. रात्री अर्धा तास वीज गेली आणि आली, तर सकाळी घड्याळ चालूच दिसते आणि अर्धा तास मागे असते. बघणाऱ्याला काही कळायला मार्ग नाही. आमच्या घरी हेच झाले होते.

यावर पहिले उत्तर शिकागोच्या लॉरेन्स हॅमंड यांच्या कंपनीचे. ही कंपनी 1928 ची. त्यांची मोटर आपोआप सुरूच होत नसे. घड्याळाच्या मागची कळ हाताने फिरवून चाकाला वेग द्यायचा, मग ते विजेच्या झोक्यांशी जुळून चालू लागे. वीज गेली की घड्याळ बंद, आणि वीज आली तरी बंदच. कोणीतरी हात लावेपर्यंत तसेच उभे. ही उणीव खरी, पण हाच तिचा गुणही. उभे राहिलेले घड्याळ पाहून कोणी फसत नाही. दादींच्या चावीच्या घड्याळाची रीत हीच होती. हे हॅमंड पुढे वेगळ्याच कारणाने प्रसिद्ध झाले. नेमक्या वेगाने फिरणारी हीच मोटर वापरून त्यांनी 1935 मध्ये विजेचा ऑर्गन बाजारात आणला आणि त्यांचे नाव घड्याळापेक्षा त्या वाद्याशी जोडले गेले.

दुसरे उत्तर टेलिक्रॉनचे. त्यांनी आपोआप सुरू होण्याची सोय ठेवली, पण अनेक नमुन्यांच्या तबकडीवर एक छोटी खिडकी केली. वीज चालू असेपर्यंत मोटरीच्या चुंबकाने लोखंडाचा एक बारीकसा तुकडा धरून ठेवलेला असे. वीज क्षणभर जरी गेली तरी तो सुटे आणि खिडकीत लाल ठिपका दिसू लागे. वीज परत आली, काटे पुन्हा फिरू लागले, तरी ठिपका हटत नसे. घरातल्या कोणीतरी येऊन, वेळ तपासून, त्याला हाताने पूर्ववत करावे लागे. तोवर घड्याळ येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राही, की मी मधे थांबलो होतो, माझ्यावर विसंबू नका, आधी तपासा.

ठिपक्याने गजर वेळेवर होत नाही, हे खरे. 1984 च्या त्या रात्री आमच्या घड्याळावर ठिपका असता तरी सहरी चुकलीच असती. पण मध्यरात्री पाणी प्यायला उठलेल्या कोणाला तो दिसतो, पहाटेची वेळ जुळवायला तो भाग पाडतो. पुढच्या काळात आकडे उजळणारी घड्याळे आली. वीज जाऊन आली की त्यांचे आकडे लुकलुकत राहतात, वेळ लावेपर्यंत थांबत नाहीत. ते लुकलुकणे म्हणजे त्याच लाल ठिपक्याचा नातू. पुष्कळांना ते त्रासाचे वाटते. आम्हाला त्यात सचोटी दिसते.

आपल्या घरासाठी

अशी जुनी घड्याळे कोणाच्या कपाटात, माळ्यावर असतील. परदेशातून नातेवाइकांनी आणलेले घड्याळ असेल तर लावण्याआधी मागची पट्टी वाचा. व्होल्ट पाहाच, पण त्याशेजारी 50 आहे की 60 तेही पाहा. नुसते 60 असेल आणि मोटर विजेच्या झोक्यांवर चालणारी असेल, तर ट्रान्सफॉर्मर लावूनही ते इथे तासाला दहा मिनिटे मागे पडेल. जुन्या घड्याळाच्या वायरीवरचे आवरण कडक होऊन तडकलेले असते. पिन काढल्याशिवाय आत हात घालू नका आणि जाणकाराला दाखवल्याशिवाय लावू नका.

महत्त्वाची वेळ असेल, मग ती सहरी असो, हजच्या विमानाची असो की परीक्षेची, तर दोन गजर ठेवा आणि ते दोन वेगळ्या आधारावरचे ठेवा. एक विजेवर, एक सेलवर किंवा चावीवर. एकाच फोनमध्ये पाच गजर लावणे म्हणजे एकाच फांदीला पाच दोऱ्या बांधणे. फोनची बॅटरी उतरली की पाचही गप्प.

आमच्या घरी त्या रात्रीनंतर चावीचे घड्याळ पुन्हा उशाशी आले. मामूंचे घड्याळ मात्र दादींनी काढून टाकू दिले नाही. "प्रेमानं आणलंय," म्हणत त्यांनी ते बैठकीत ठेवले. दुसऱ्या दिवशी भावाचा पहिला रोजा झाला, संध्याकाळी त्याच्या गळ्यात फुलांचा हार होता आणि शेजारपाजारचे सगळे इफ्तारला होते. रजा संपवून निघताना मामू दादींपाशी गेले आणि म्हणाले, "अम्मा, चूक माझी झाली. वीज जाते हे मला माहीत होतं, मी विचारच केला नाही." दादींनी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. त्या म्हणाल्या, "तू सांगितलंस ना, मग संपलं."

चूक प्रत्येकाची होते. माणूस मधेच थांबतो, झोपतो, मागे पडतो. तसे झाल्यावर काही झालेच नाही असे दाखवून पुढे चालत राहायचे, की कपाळावर छोटासा लाल ठिपका लावून घरच्यांना सांगायचे, एवढेच आपल्या हातात असते. तौबाची सुरुवातही सांगण्यापासूनच होते.

पुढच्या महिन्यात भेटू, इन्शाअल्लाह. तोवर घरातल्या घड्याळांची वेळ एकदा ताडून पाहा.